गावठी कुत्र्याला सगळं पचतं?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तसा व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. जळगावातल्या आमच्या तीन ग्रुपांवर तोच. त्याचा गाभा असा: गावठी कुत्र्याला सगळं पचतं, उरलंसुरलं बिनधास्त वाढा, हाडं घाला, कॅल्शियम मिळतं, लसणाने जंत पडतात, पोट बिघडलंच तर हळदीचं दूध पाजा आणि दोन दिवस उपाशी ठेवा.

पहिला मुद्दा निम्मा खरा आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं, की स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. तेव्हा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी कुस्करून घातली तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती भाकरीवर ओतलेल्या तर्रीबद्दल.

कारण आपल्याकडचं ‘उरलंसुरलं’ म्हणजे शेवभाजीचा रस्सा, काळ्या मसाल्याचं मटण, नाहीतर भरीत. तिन्हींत कांदा-लसूण. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींची नासाडी करतात. भाजून, शिजवून किंवा वाळवून ती जात नाहीत. वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा गेला की रक्तात बिघाड दिसू लागतो. 10 किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचे दोन कांदे.

मागच्या थंडीत मळ्यात भरीत पार्टी झाली. आमच्या काळ्याने पातेलं चाटूनपुसून साफ केलं, कांद्याच्या पातीसकट. रात्री एक उलटी, सकाळी शेपूट हलवत दारात हजर. चौथ्या दिवशी मात्र हिरड्या पांढुरक्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी सांगितलं, काल तर नुसती भाकरी. ते म्हणाले, कालचं नका सांगू, आठवडाभराचं सांगा. काळ्या वाचला. पण मेसेज लिहिणारे ‘आमच्या कुत्र्याला काही झालं नाही’ असं म्हणतात ते दुसऱ्या दिवशी बघून. चौथ्या दिवशी कोण बघतो? गल्लीतलं कुत्रं तर तोवर कुठल्यातरी बांधाआड जाऊन पडलेलं असतं, आणि ते भरताने गेलं असं कुणाच्या मनातही येत नाही.

बरं, तर्रीतून कांदा वगळला तरी तेल उरतंच. एकदम जास्त तेल-तूप पोटात गेलं तर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. कुत्र्याला तूप पचत नाही, हे आपलीच माणसं म्हणत आली आहेत. मेसेज पुढे ढकलताना तेवढं विसरतात.

शिजवलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या सुईसारख्या कपच्या निघतात. त्या घशात रुततात, आतड्याला भोकही पाडतात. आखाजीला याच्याच जोडीला आंब्याची कोय. रस लागलेली कोय कुत्रं अख्खी गिळतं आणि ती आतड्यात अडकते. मग ऑपरेशनच.

लसणाबद्दल काय बोलायचं? तो कांद्याचाच भाऊबंद, आणि त्याहून जहाल. जंतांसाठी वजनाप्रमाणे गोळी असते, ती गुरांच्या दवाखान्यात विचारा.

हळदीचं दूध: मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. जुलाबावर दूध म्हणजे आगीत तेल. माणसांच्या पेनकिलर तर अजिबात नकोत.

राहिला उपास. दोन दिवस फार झाले, आणि पिल्लाला तर एक दिवसही नको; त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. धडधाकट मोठ्या कुत्र्याचं साधं पोट बिघडलं असेल तर मऊ भात आणि बिनहाडाचं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन थोडं थोडं द्यावं. पाणी मात्र कधीच तोडू नये, आपल्या 44-45 अंशांच्या वैशाखात तर मुळीच नाही. पिल्लाला रक्ताची हगवण आणि उलट्या लागल्या तर तो बहुधा खाण्याचा दोष नसतो, पार्वो हा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो. तिथे दही-भाताचे प्रयोग करत एक दिवस घालवला तर पिल्लू हातचं जातं.

आमच्याकडे आता वांगी ठेचायला घेण्याआधी काळ्याची कोरडी भाकरी बाजूला निघते. पातेलं घासायला गेल्याशिवाय त्याला सोडत नाही. तो भुंकतो, भुंकू दे.