लष्करी कुत्र्यांना गुपितं फुटू नयेत म्हणून मारतात?

चकमकीत लष्कराचा एखादा कुत्रा कामी आला, की तो जुना संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. भारतीय लष्कर आपल्या कुत्र्यांना निवृत्त होताच गोळी घालतं, कारण त्यांना तळांची आणि मोहिमांची गुपितं माहीत असतात. आणि तो मुका जीव मात्र भीती म्हणजे काय हे ठाऊक नसल्यासारखा देशासाठी हसत मरायला तयार असतो. खाली रडके चेहरे आणि जोडलेले हात.

हा संदेश सरसकट खोटा असता तर चार ओळींत निकाली निघाला असता. पण त्यातला एक भाग कधीकाळी खरा होता, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

लष्कर कुत्र्यांना मारत होतं का? हो, मारत होतं. कामाला निकामी ठरलेल्या कुत्र्यांना दयामरण देण्याची पद्धत होती आणि २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारातून ती लोकांसमोर आली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्यानंतर केंद्र सरकारने धोरण बदललं. आता दयामरण असाध्य आजार किंवा बरी न होणारी दुखापत असेल तरच. बाकीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांना मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर या लष्कराच्या पशुविभागाच्या केंद्रात सांभाळतात, काही कुत्रे दत्तकही दिले जातात. म्हणजे संदेशातलं ‘मारतं’ हे क्रियापद भूतकाळात हवं होतं. आणि गोळीचं म्हणाल, तर ती ‘दयामरण’ या शब्दाने पुरेसं रडू येत नाही म्हणून कुणीतरी घुसडलेली दिसते.

आता ‘गुपितां’बद्दल. हा मुद्दा चांगली शिकलेली माणसंही मान डोलावत मान्य करतात, म्हणून जरा थांबून बघू.

लष्करी कुत्र्याला नेमकं काय माहीत असतं? ठरावीक स्फोटकांचा वास. तो आला की न भुंकता, न उकरता, गपकन खाली बसायचं. माग कसा धरायचा, कुठल्या इशाऱ्यावर झेपावायचं आणि कुठल्यावर सोडायचं. आपल्या हँडलरचा, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या जवानाचा, आवाज आणि अंगाचा वास. यातलं शत्रूला विचारून काय मिळणार? नकाशा त्याला वाचता येत नाही आणि वाट पाठ असली तरी ती कुणाला सांगता येत नाही. ज्या तळावर कुत्रा राहिला त्याच तळावर स्वयंपाकी, चालक आणि कारकूनही राहिले. ते निवृत्त होऊन सुखाने गावी जातात.

इतिहासात एकच दाखला बघा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा चिप्स नावाचा कुत्रा जानेवारी १९४३ मध्ये मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकाला पहाऱ्यावर होता. रूझवेल्ट आणि चर्चिल तिथे युद्धाची पुढची आखणी करत होते. जगात कुठल्या कुत्र्याच्या कानावर गुपितं पडली असतील तर ती याच्या. त्याच वर्षी जुलैमध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर हा चिप्स हँडलरच्या हातून निसटून मशिनगन धडधडत असलेल्या ठाण्यावर धावून गेला आणि आतले इटालियन सैनिक हात वर करून बाहेर आले. युद्ध संपल्यावर त्याचं काय केलं? ज्या घराने त्याला लष्कराला दिलं होतं त्या घरी परत पाठवला. असे शेकडो कुत्रे पुन्हा माणसाळवून घरोघरी परत गेले.

लांब कशाला जायचं? २६/११ च्या वेळी मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात राबलेले मॅक्स, टायगर, सुलतान आणि सीझर हे लॅब्रेडॉर निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतघरात राहिले. तिथे कुणी हेर त्यांची जबानी घ्यायला आल्याचं ऐकिवात नाही.

मग मारायचे कशासाठी? कारण साधं आहे, आणि म्हणूनच जास्त टोचणारं. आठ-दहा वर्षांचा कुत्रा काम करत नाही, पण खातो, आजारी पडतो, जागा अडवतो आणि त्याच्यामागे एक माणूस गुंतून राहतो. कागदोपत्री त्याची जात सामानाची असली की सामानाची विल्हेवाट लावतात तशी त्याची लागते. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने हेच केलं. तिथे सुमारे ४,००० कुत्रे वापरले गेले, परतले दोनशेच्या आसपास. बाकीचे काही लढाईत आणि आजारात गेले, काही दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याला देऊन टाकले, काहींना तिथेच मारलं. निवृत्त लष्करी कुत्रे लोकांना दत्तक देण्याची वाट मोकळी करणारा कायदा तिथे व्हायला २००० साल उजाडलं. ‘गुपित’ हा शब्द या सगळ्या हिशेबाला राष्ट्रीय सुरक्षेचा मुलामा देतो. मला तो म्हणूनच नको वाटतो.

‘देशासाठी हसत मरतो’ हे वाक्य वाचताना माझ्याही घशात काही क्षण दाटतं, पण ते खरं नाही. कुत्र्याला देश कळत नाही. त्याला हँडलर कळतो. स्फोटक शोधणं हा त्याच्या लेखी खेळ असतो: वास सापडला, बसलो, की चेंडू मिळतो आणि शाबासकी मिळते. त्या वासामागे मरण आहे हे फक्त पट्टा धरलेल्या माणसाला माहीत असतं. सोव्हिएत सैन्याने १९४१ मध्ये पाठीवर स्फोटकं बांधलेले कुत्रे जर्मन रणगाड्यांखाली धाडले. रणगाड्याखाली खायला मिळतं, एवढंच त्यांना शिकवलं होतं. रणांगणावरच्या गोळीबाराला बिचकून त्यातले काही उलटे फिरले आणि आपल्याच खंदकांकडे धावले. त्यांना फितूर म्हणणार का? नाही ना? मग पुढे गेलेल्यांना देशभक्त कसं म्हणायचं?

याने त्यांची किंमत कमी होत नाही. जुलै २०२२ मध्ये बारामुल्लात अ‍ॅक्सेल या बेल्जियन मॅलिनॉय जातीच्या दोन वर्षांच्या कुत्र्याला अतिरेकी लपलेल्या घरात सोडलं. पहिली खोली त्याने तपासली, दुसरीत गोळ्या लागल्या. त्या खोलीत त्याच्याऐवजी एखादा जवान शिरला असता. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या चकमकीत दोन गोळ्या लागूनही झूम झुंजत राहिला आणि श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात तीनेक दिवसांनी गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीत केंट ही लॅब्रेडॉर कुत्री पळणाऱ्या अतिरेक्यांच्या मागावर तुकडीच्या पुढे होती. माग काढणारा कुत्रा पुढेच असतो, म्हणून पहिली गोळीही त्याच्याच वाट्याला येते. ऑगस्ट २०१५ मध्ये कुपवाड्यातल्या टंगधारला मानसी आणि तिचा हँडलर बशीर अहमद वार दोघंही एकाच चकमकीत गेले. निष्ठा बघायची तर या जोडीत बघावी. रोज एकत्र खाण्या-फिरण्यातून आणि सरावातून ती तयार होते, आणि हँडलर बदलला की नव्या माणसाशी ती पुन्हा जुळवावी लागते.

भीती माहीत नसते, हेही तसंच. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकी कुत्र्यांमध्ये पशुवैद्यांना माणसांसारखाच युद्धाचा मानसिक आघात दिसला, अंदाजे पाच टक्क्यांमध्ये. कुणी आवाजाला दचकतं, कुणी इमारतीत शिरायलाच नकार देतं, कुणी ओळखीच्या हँडलरलाही जवळ येऊ देत नाही. काहींना औषधं सुरू करावी लागली, काहींना कामावरून कायमचं उतरवावं लागलं. भ्यायलेला कुत्रा हुकूम ऐकून पुढे जातो तेव्हा त्याला शूर म्हणायला माझी हरकत नाही. ज्याला भीतीच नाही त्याचं कौतुक ते काय करायचं?

या संदेशाच्या काही आवृत्त्यांत कुत्र्याला अधिकाऱ्याचा हुद्दा आणि बँक खात्यात पगार असल्याचंही असतं. पगार नसतो, अन्न, निवारा आणि औषधपाणी असतं. गौरव मात्र होतो. मानसी आणि अ‍ॅक्सेल या दोघांनाही मरणोत्तर ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’, म्हणजे कामगिरीची अधिकृत नोंद घेणारा लष्करी सन्मान, मिळालं. अमेरिकेत चिप्सला मिळालेलं सिल्व्हर स्टार पदक मात्र ‘ते माणसांसाठी आहे’ म्हणून नंतर रद्द झालं.

संदेश पुढे ढकलण्यापेक्षा जास्त काही करायची इच्छा असेल, तर निवृत्त कुत्रा दत्तक घेण्याची चौकशी मेरठच्या त्या केंद्राकडे करता येते. तो म्हातारा असेल, मोठ्या अंगाचा असेल, त्याचे सांधे दुखत असतील आणि डॉक्टरचा खर्च नेहमीचा असेल.  पहिले काही आठवडे तो दारातून येणाऱ्या प्रत्येक पिशवीचा वास घेईल आणि एखाद्या पिशवीसमोर खाली बसला, तर चेंडूची वाट बघेल.