रिफर्बिश्ड ॲम्प्लिफायर, एक फॉरवर्ड आणि कापलेली अर्थिंगची पिन

गेल्या गुरुवारी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आत्याकडे गेलो आणि तिच्या ॲम्प्लिफायरचा प्लग बघून छातीत धस्स झालं. तीन पिनांपैकी वरची जाड पिन मुळापासून कापलेली होती. शेजारच्या मुलाकडून हॅकसॉच्या पात्याने कापून घेतली म्हणाली. का, असं विचारल्यावर तिने मोबाइलच पुढे केला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता, वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ अशी पट्टी. मथळा: ‘सावधान! कंपनी रिफर्बिश्ड ऑडिओ म्हणजे रंगवलेलं भंगार.’ खाली सहा मुद्दे.

हा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी आत्याने माझ्या सांगण्यावरून घेतली होती, थेट कंपनीच्या रिफर्बिश्ड विक्रीतून, म्हणजे परत आलेला माल कंपनी तपासून-दुरुस्त करून विकते तिथून. मी स्वतः अकरा वर्षं एका सर्व्हिस सेंटरच्या बेंचवर बसून ॲम्प्लिफायर उघडले आहेत. म्हणून हे उत्तर मलाच द्यायला हवं. सुरुवात पाचव्या मुद्द्यापासून करतो, कारण बाकीच्यांनी फार तर पैशाचं नुकसान होईल, याने जीव जाईल.

पाचवा मुद्दा असा: ‘रिफर्बिश्ड मशीनमधले कंडेन्सर जुने असतात, त्यामुळे घूंऽऽ असा आवाज येतोच. आधीच घेतलं असेल तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, आवाज जातो.’

आवाज जातो, हे खरं आहे. म्हणूनच हा सल्ला इतका घातक आहे. माणूस पिन कापतो, घुणघुण थांबते आणि बाकीच्या मेसेजवरही त्याचा विश्वास बसतो.

आता ती पिन काय करते ते बघा. ती इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते, कारण प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. तिची हिरवी-पिवळी वायर ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या बॉडीला जोडलेली असते. आत कुठे फेजची वायर सुटून बॉडीला लागली, तर करंट त्या वायरने जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी उडतो. पिन कापली की फ्यूज उडत नाही, बॉडीच २३० व्होल्टवर जाऊन बसते. मग व्हॉल्यूमच्या नॉबला हात लावणारा माणूस हाच अर्थिंगचा रस्ता. आत्या ७४ वर्षांची आहे, फरशीवर अनवाणी उभी राहून गाणं लावते.

बिघाड नसतानाही मी तिच्या ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावला तर दिवा पेटला. मीटरवर १०८ व्होल्ट. आतल्या फिल्टरमधून बॉडीवर येणारी ही गळती एरवी अर्थिंगमधून निघून जाते. करंट अगदी किरकोळ असतो, पण ‘हात लावला की झिमझिमतं’ असं आत्या चार दिवस म्हणत होती आणि घरात ते कुणी मनावर घेतलं नव्हतं.

आणि मुळात घुणघुण कंडेन्सरची (आतल्या वीज साठवणाऱ्या भागाची) नव्हतीच. मी तात्पुरती धड प्लगची दुसरी वायर लावली, आवाज परत आला. मग मागच्या केबल एकेक करून काढल्या. सीडी प्लेअरची काढली, फरक नाही. सेट-टॉप बॉक्सची काढली आणि खोली शांत. टीव्हीच्या डिशची केबल गच्चीवरून अर्थ घेऊन येत होती, ॲम्प्लिफायर भिंतीतून घेत होता. दोन अर्थ जोडले गेले की त्या वेढ्यातून विजेची ५० हर्ट्झची लहर ऑडिओच्या तारेत शिरते. नव्याकोऱ्या ॲम्प्लिफायरलाही हेच झालं असतं. सगळ्या केबल काढूनही घुणघुण राहिली, तर कंडेन्सरचा संशय घ्या आणि वॉरंटीत परत पाठवा. आत्याच्या बॉक्सला ऑप्टिकल आउटपुट होतं, ॲम्प्लिफायरलाही त्याची सोय होती. ऑप्टिकल वायरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे वेढा तुटतो. ते नसेल तर सिग्नलच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे हा वेढा तोडणारी छोटी डबी, लावता येतो. ते जमेपर्यंत टीव्ही, बॉक्स आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डवर घेऊन बघा, पुष्कळदा तेवढ्यानेही आवाज कमी होतो.

काही रिसीव्हर (रेडिओसकट येणारे ॲम्प्लिफायर) कंपनीकडूनच दोन पिनांच्या वायरीसह येतात. त्यांच्या मागे चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे आत दुहेरी इन्सुलेशन आहे. त्यांना अर्थ लागत नाही. पण तीन पिना देऊन पाठवलेल्या यंत्राची एक पिन कापायची नाही. कुठल्याही कारणासाठी नाही.

पहिला मुद्दा ‘भंगारातून गोळा केलेला माल’. आमच्या बेंचवर परत येणाऱ्या मालातले कितीतरी नग चालू असायचे. वाहतुकीत खोका चेपला, ग्राहकाला रंग आवडला नाही, स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आणि ‘बास येत नाही’ म्हणून परत केला. खोका एकदा उघडला की तो नग नवा म्हणून विकता येत नाही. मग तो उघडायचा, बिघाड असेल तर बोर्ड बदलायचा, प्रत्येक इनपुट तपासायचं, स्पीकरऐवजी ८ ओहमचा डमी लोड (नुसता रेझिस्टर) जोडून तासन्‌तास तापवायचा आणि सीरियल नंबरची नोंद करून पुन्हा पॅक करायचा. दुसरा मुद्दा ‘आतले ओरिजिनल पार्ट काढून घेतात’. ज्या कंपनीला त्याच नगाची वॉरंटी स्वतः निभवायची आहे, ती असं कशाला करील?

तिसरा मुद्दा, ‘भारतात हे बेकायदा आहे’. साफ खोटं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे आणि तिच्यात दुरुस्त केलेला, सेकंडहँड किंवा जुना माल ‘नवा’ म्हणून खपवणं स्पष्ट लिहिलेलं आहे. कायदा मोडतो तो लपवण्यात. खोक्यावर आणि बिलावर ‘रिफर्बिश्ड’ लिहून विकण्यात नाही. बिल न देणं हेही त्याच यादीत आहे. कुणी फसवलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. विक्रेता दिल्लीचा असला तरी कलम ३४ मुळे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते, म्हणजे इथे वडोदऱ्यातच.

चौथ्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, मानावंच लागेल. ‘वॉरंटी नावालाच असते.’ कंपनीच्या रिफर्बिश्ड मालाची वॉरंटी नव्यापेक्षा बहुतेक वेळा कमी मुदतीची असते, म्हणून घेण्याआधी ती लेखी बघा. आणि ‘रिफर्बिश्ड’ हा शब्द कुठलाही दुकानदार चिकटवतो, कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. त्यानंतर काही महिन्यांनी एका दुकानात मला ‘रिफर्बिश्ड’ म्हणून टॉवर स्पीकरची जोडी दाखवली होती. वरून चकचकीत. आडवी करून बघितली तर तळाचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) पुरीसारखा फुगलेला, टर्मिनलच्या स्क्रूंना गंज आणि मागचं पोर्टचं भोक बॅटरीच्या उजेडात बघितलं तर आत सुकलेल्या गाळाची सरळ रेघ. तो माल मी घेतला नाही, तुम्हीही घेऊ नका. पण तो कंपनीने तपासलेला माल नव्हता, आणि मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच पोत्यात भरले आहेत.

परदेशातून कुणी आणून देत असेल तर मागचं लेबल वाचा. अमेरिकेचा नग १२० व्होल्टचा, जपानचा १०० व्होल्टचा. लेबलवरच्या व्होल्टेजमध्ये २३० बसत नसेल तर आपल्या सॉकेटला थेट लावला की गेलाच.

सहावा मुद्दा, ‘वापरलेल्या स्पीकरचा आवाज उतरतो’. महिन्याभरात परत आलेल्या रबरी कडेच्या स्पीकरला काहीही झालेलं नसतं. फोमची कड कुजते, पण त्याला वर्षानुवर्षं लागतात आणि ती गोदामात पडलेल्या ‘नव्या’ स्पीकरचीही कुजते.

ज्या वडोदऱ्यात फैयाज खाँ दरबारी गायक होते, तिथे आत्याने चाळीस वर्षं गाणं शिकवलं. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका तिला तपशिलाने ऐकायच्या होत्या आणि नव्या जोडीचे पैसे पेन्शनमधून निघत नव्हते. घुणघुण तानपुऱ्याच्या खर्जाला लागून येत होती, म्हणून ती अस्वस्थ झाली आणि मेसेजवर विश्वास ठेवला. तिचा यात काही दोष नाही.

प्लग मी बदलला, टेस्टर आता पेटत नाही. मंडळातल्या आणखी दोघींनी मिक्सरच्या आणि टीव्हीच्या प्लगची पिन कापून घेतली आहे, असं ती काल फोनवर म्हणाली. रविवारी सकाळी नवे प्लग घेऊन त्यांच्याकडे जातोय.