दानाची आहे म्हणून कशीही?

आज दुपारी दाराशी एक भली मोठी पिशवी आली. ‘गोधड्यांसाठी कापड’ असा निरोप होता. आम्ही काही जणी मिळून गोधड्या शिवून देतो, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. अशा पिशव्या आल्या की मला खरंच आनंद होतो. आजची उघडली आणि कुबट वासामुळे आधी खिडकी उघडावी लागली. बुरशीचे काळे ठिपके पडलेली चादर. काखेत फाटलेले, घामाने पिवळे पडलेले शर्ट. न धुतलेले टॉवेल. तळाशी निसरडं सिंथेटिक कापड, ज्यात सुई धड शिरत नाही आणि शिरली तर धागा ओढला जातो. मी फोन केला, शांतपणे विचारलं. उत्तर आलं, “अगं, दानालाच द्यायच्या आहेत ना? थंडीत कुडकुडणाऱ्याला काय, ऊब मिळाली म्हणजे झालं.”

तेव्हापासून डोकं भणभणतंय. म्हणून लिहितेय, आणि हे लांबणार आहे.

जी चादर आपण आपल्या पाहुण्याला अंथरणार नाही, ती आजारी, बेघर, म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर घालायला हात कसा धजतो? आणि वर त्याला दान म्हणायचं?

शिवणाऱ्या मैत्रिणींना हे सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. दान करायची गोधडी घरच्या गोधडीपेक्षा चांगली शिवावी लागते. घरची आपण जपतो. जमेल तेव्हा हाताने धुतो, टाका उसवला तर त्याच दिवशी घालतो. दिलेली गोधडी इस्पितळात जाते, निवाऱ्यात जाते, वृद्धाश्रमात जाते. तिथे ती मोठ्या मशीनमध्ये, गरम पाण्यात, बाकीच्या ढिगाबरोबर धुतली जाते, पुन्हा पुन्हा. कापड आधी धुऊन आटवलं नसेल तर पहिल्याच धुण्यात गोधडी आक्रसते. लाल किंवा गडद निळ्याचा रंग सुटला तर सोबतचे सगळे कपडे खराब. टाके लांब लांब घातले असतील तर आतला कापूस सरकतो, गुठळ्या होतात, आणि मधे नुसती दोन कापडं उरतात. त्यात कसली ऊब? ‘ऊब मिळाली म्हणजे झालं’ म्हणणाऱ्यांना ऊब कुठून येते हेसुद्धा माहीत नसतं. ती थरांमध्ये अडकलेल्या हवेतून येते, आणि ते थर जागेवर धरून ठेवतात ते टाके.

आता मला इतका राग का येतो, तेही सांगते.

माझी लेक चार वर्षांची असताना बरेच दिवस इस्पितळात होती. तिथे कुणीतरी शिवून दिलेली एक गोधडी तिच्या पलंगावर आली. निळ्या-हिरव्या चौकटी आणि मधेच एक पिवळी. हाताला सलाइन लावायची वेळ आली की दुसऱ्या हाताने ती पिवळी चौकट घट्ट धरायची. मला रात्री झोप नसायची. मी तिच्या पायाशी बसून गोधडीची उलटी बाजू बघत राहायचे. एकही गाठ वर नाही, सगळ्या आत ओढून घेतलेल्या. टाके मुंगीच्या रांगेसारखे. आणि कडेचा गोट दुहेरी दुमडलेला. गोधडी सगळ्यात आधी कडेला झिजते, कारण ओढायला, धरायला हात तिथेच जातो. शिवणाऱ्या बाईला (बाईच असेल असं मी धरून चाललेय) हे माहीत होतं. माझी लेक मात्र तिला माहीत नव्हती. तरी एवढं केलं तिने.

कापड जुनं असण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, गैरसमज नको. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या बायकांनी ढिगाने गोधड्या शिवून रेड क्रॉसमार्फत ब्रिटनला पाठवल्या, बॉम्बहल्ल्यात घरदार गेलेल्या लोकांसाठी. कितीतरी गोधड्या उरल्यासुरल्या आणि वापरलेल्या कापडाच्याच होत्या. पण त्यातल्या काही आजही टिकून आहेत. त्यांवर ‘कॅनेडियन रेड क्रॉसची भेट’ अशी छोटी पट्टी शिवलेली सापडते. शिवणारीचं नाव बहुतेक वेळा नाहीच. हे वाचलं तेव्हा मला आमच्या पिवळ्या चौकटीवालीच आठवली. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

आणि अमेरिकेत 2003 साली एका सैनिकाच्या आईने सुरू केलेली ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ ही सैनिकांना गोधड्या शिवून देणारी संस्था बघा. तिथे नुसत्या दोऱ्याच्या गाठी मारून थर अडकवलेली गोधडी घेतच नाहीत. वरचा थर, आतला थर आणि अस्तर, तिन्ही टाक्यांनी जोडलेले हवेत. कुणी म्हणेल, फुकट देणाऱ्यांवर कसले नियम लादता? मी म्हणते, नियम हवेतच. घेणाऱ्याला ‘ही नको, दुसरी द्या’ म्हणता येत नाही. त्याच्या वतीने आधीच कुणीतरी नाही म्हणायला हवं.

बरं, मान्य, कारखान्यातलं ब्लँकेट स्वस्त पडतं, लवकर पोचतं, आणि पूर आला किंवा भूकंप झाला तर तेच आधी द्यायला हवं. द्याच. पण माझ्या लेकीने ब्लँकेटची कडा तशी मुठीत धरली असती असं मला नाही वाटत.

लिहिता लिहिता अजून एक आठवलं आणि पुन्हा पारा चढला. गोधडी देताना घेणाऱ्याचे फोटो काढणं बंद करा. पलंगावर पडलेल्या मुलाला उठवून, गोधडी छातीशी धरायला लावून, ‘हस बाळा’? आमच्या गोधडीबरोबर कुणीही फोटो काढला नव्हता. नर्सने ती लेकीच्या अंगावर घातली आणि पुढच्या पलंगाकडे वळली. म्हणून गोधडी आमची झाली.

लेक आता मोठी आहे, शिकायला बाहेर राहते. गोधडी घेऊन गेली. रंग विटलाय, पिवळी चौकट जवळजवळ पांढरी पडलीय, पण गोट अजून शाबूत आहे. मागच्या खेपेला आली तेव्हा मी तिला न विचारता सगळी कडा तपासली. एक टाका घालायची वेळ आली असती तर मला आवडलं असतं, खरं सांगते. नाही आली.

आता कामाचं. कापड द्यायचं असेल तर सुती द्या, धुऊन, वाळवून द्या. उजेडासमोर धरून बघा. विरलेलं असेल तर नको. फाटका भाग कापून उरलेलं दिलंत तरी चालेल, आम्हाला चौकटीएवढाच तुकडा लागतो. अत्तर, धुराचा वास, कुत्र्या-मांजराचे केस नकोत, घेणाऱ्याला दमा असू शकतो. लहान मुलांच्या गोधडीवर बटणं, मणी लावू नका, तोंडात जातात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना सैल पांघरूण घालू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, त्यामुळे तान्ह्यांसाठी शिवलीत तर ती खाली पसरून खेळवायला आहे, असं देताना सांगा. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी गुडघ्यांपुरती लहान शिवा. लोंबती कड चाकात अडकते.

ज्यांनी पिशवी पाठवली त्यांना मी पुन्हा फोन केला. सगळं परत नेऊन देणार आहे, फक्त दोन शर्टांच्या पाठी चांगल्या निघाल्या, त्या ठेवून घेतल्यात. पिशवीवाल्या बाई नाराज झाल्या. होऊ देत.

आणि ‘मला शिवता येत नाही गं’ म्हणून लांब राहणाऱ्यांनी या. कापडांना इस्त्री करायला, चौकटी आखून कापायला, संध्याकाळी डोळे थकलेल्या आमच्यातल्या थोरल्या बायकांना सुईत दोरा ओवून द्यायला माणसं लागतात. आत्ता तीन गोधड्या नुसत्या गोटासाठी अडून पडल्या आहेत. दुहेरी दुमडायचा, ते मी दाखवेन.