शिट्टी वाजलीच नव्हती, मग गोल कसा?

गोलकीपर खांबाला चिकटून उभा, हाताने भिंतीला (किक अडवायला ओळीत उभ्या केलेल्या बचावपटूंना) 'अजून जरा डावीकडे' अशी खूण करतोय, आणि चेंडू दुसऱ्या बाजूने जाळ्यात. फुटबॉलमध्ये असा गोल जगात कुठेही झाला की तासाभरात तोच मजकूर पुन्हा फिरायला लागतो. थोडक्यात असा: शिट्टी वाजल्याशिवाय फ्री किक (फाऊलबद्दल समोरच्या संघाला मिळणारी किक) घेता येत नाही, बचाव करणाऱ्या संघाला भिंत लावू देणं रेफरीवर बंधनकारक आहे, रेफरी एकाच संघाच्या कानात सांगतो, म्हणजे पक्षपात, कार्ड दाखवायचं असेल तर खेळ थांबवावाच लागतो, सबब हेन्री, गिग्ज आणि छेत्रीचे ते गाजलेले गोल चोरीचे, आणि जलद फ्री किक, म्हणजे भिंत लागायच्या आत मारलेली किक, हा प्रकारच बंद करा. खाली सही नसते, पण 'आधी नियम वाचा' असा दम मात्र असतो.

तर वाचूच.

'शिट्टीशिवाय फ्री किक नाही.' हे सरळ चूक आहे. फाऊल झाला की रेफरी शिट्टी वाजवतो ती खेळ थांबवण्यासाठी. तो पुन्हा सुरू करायला बहुतेक फ्री किकना दुसरी शिट्टी लागतच नाही. कुठलाही सामना लावून पाहा: मैदानाच्या मध्यावर फाऊल होतो, चेंडू जागेवर ठेवतात, पास देतात, खेळ चालू. त्या वेळी कुणी शिट्टीची वाट पाहत नाही, आणि कुणी तक्रारही करत नाही. दुसरी शिट्टी लागते ती ठरावीक प्रसंगी. रेफरीने अंतर मोजून समोरच्यांना मागे न्यायला घेतलं असेल, कार्डाची कारवाई सुरू केली असेल, कुणी जखमी असेल किंवा बदली खेळाडू येत असेल, तेव्हा. मग रेफरी शिट्टी उंचावून तिच्याकडे बोट दाखवतो: ही वाजेपर्यंत थांब. त्यानंतर कुणी घाईने मारली तर गोल धरत नाहीत, किक पुन्हा घ्यावी लागते. म्हणजे फ्री किक दोन प्रकारे घेतली जाते आणि त्यांच्यातली सीमारेषा रेफरी आखतो. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे वाद याच रेषेवर होतात.

याच मुद्द्याचं एक पिल्लू आहे: 'फाऊलनंतर वीस-पंचवीस सेकंद गेले, मग ती जलद कसली?' फ्री किकच्या नियमात सेकंदांचा आकडा कुठेही नाही. रेफरीने किक शिट्टीवर घेतली नसेल, तर ती तीन सेकंदांनी मारा नाहीतर तीस सेकंदांनी.

'भिंत लावणं हा बचावाचा हक्क.' मला सगळ्यात गंमत वाटते ती या वाक्याची. नियमपुस्तकात भिंतीचा उल्लेख आहे, पण कसा? तीन किंवा जास्त बचावपटूंची भिंत असेल तर किक मारणाऱ्या संघाच्या खेळाडूंनी तिच्यापासून किमान १ मीटर लांब राहायचं. ही तरतूदही २०१९ मध्ये आली, भिंतीत घुसून धक्काबुक्की व्हायची ती थांबवायला. भिंत उभारेपर्यंत थांबा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. बचावाच्या वाट्याला हक्क येत नाही, कर्तव्य येतं: चेंडूपासून ९.१५ मीटर, म्हणजे दहा यार्ड, लांब व्हायचं. १९१३ पर्यंत हे अंतर सहाच यार्ड होतं. ते वाढवलं तेही किक मारणाऱ्याच्या सोयीसाठी.

आता उलट बाजूने बघा. फाऊल कुणी केला? ज्यांना भिंत हवी आहे त्यांनीच. समोरचा माणूस गोलकडे निघाला होता, त्याला पाडलं, आणि आता म्हणायचं की आमचे सात-आठ जण मागे येऊन नीट उभे राहीपर्यंत याने चेंडूला पाय लावू नये. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. फ्री किक ज्याच्यावर अन्याय झाला त्याला मिळते, आणि ती कधी मारायची हेही बहुतांशी त्यानेच ठरवायचं असतं.

म्हणूनच एखादा बचावपटू चेंडूसमोर बुटाची नाडी बांधत बसतो किंवा चेंडू हातात घेऊन 'कुठे ठेवायचा?' असं भोळेपणाने विचारतो, तेव्हा त्याला सगळं ठाऊक असतं. मुद्दाम किक अडवली तर खेळ लांबवल्याबद्दल पिवळं कार्ड दाखवायचं, असं नियम सांगतो. रेफरी ते फार कमी वेळा दाखवतात, ही माझी जुनी तक्रार आहे. ते वेळच्या वेळी दाखवलं असतं तर यातले निम्मे वाद झालेच नसते.

पण घाई केली तर तिची किंमतही मोजावी लागते, आणि हे त्या मजकुरात कधीच नसतं. मारणाऱ्याने जलद किक घेतली आणि दहा यार्डांच्या आत असलेल्या प्रतिस्पर्ध्याने चेंडू मध्येच अडवला, तर खेळ चालू राहतो. 'तो जवळ होता, पुन्हा मारू द्या' असं म्हणता येत नाही. भिंत नको म्हणून घाई केलीस ना, मग भोग. याशिवाय चेंडू स्थिर हवा, फाऊलच्या जागी हवा. त्यातच ऑफसाइडही (किक मारताना बचावाच्या मागे, गोलजवळ आधीच उभ्या असलेल्या साथीदाराने खेळात भाग घेण्यावरची बंदी) लागू असतो. गोलकिक, थ्रो-इन आणि कॉर्नरला ऑफसाइडमधून सूट आहे, फ्री किकला नाही. कितीतरी जलद किक याच कारणांनी वाया जातात. त्यांचे व्हिडिओ कुणी फिरवत नाही, एवढंच.

'रेफरीने एकालाच सांगितलं, दुसऱ्याला नाही.' हा आरोप १२ डिसेंबर २००४ पासून चालत आला आहे. हायबरी या आर्सेनलच्या मैदानावर आर्सेनल विरुद्ध चेल्सी, रेफरी ग्रॅहम पोल. २९व्या मिनिटाला बॉक्सबाहेर (गोलसमोर आखलेल्या चौकोनाबाहेर) आर्सेनलला फ्री किक मिळाली. चेल्सीचा गोलकीपर पीटर चेक भिंत लावत होता आणि आर्सेनलच्या थिएरी हेन्रीने चेंडू रिकाम्या कोपऱ्यात सारला. हेन्रीने नंतर सांगितलं की शिट्टीसाठी थांबणार की लगेच घेणार असं पोलने त्याला विचारलं होतं, आणि त्याने लगेच घेतो म्हटलं. चेल्सीचे प्रशिक्षक मोरिन्यो सामन्यानंतर भडकले. सामना २-२ सुटला.

पोलने चेल्सीला का सांगितलं नाही? सांगायचंच नसतं म्हणून. 'सावध व्हा, हा आता मारतोय' असं रेफरीने ओरडून सांगितलं, तर जलद किकमध्ये उरलं काय? मारणाऱ्याला विचारणंही बंधनकारक नाही, पण न विचारता गोंधळ होण्यापेक्षा विचारलेलं बरं म्हणून बरेच रेफरी विचारतात. बचावाच्या खेळाडूंना काही कळायचं असेल तर ते रेफरीच्या हातावरून कळतं. शिट्टीकडे बोट गेलं का? नाही? मग चेंडूवरून नजर काढायची नाही.

मात्र इथे मी त्या मजकुराच्या लेखकाला एक गोष्ट देऊन टाकतो, कारण ती माझ्याच हातून घडली आहे. मी काही वर्षं हौशी सामन्यांत शिट्टी वाजवली आहे. एकदा बॉक्सच्या तोंडाशी फाऊल झाला. मी 'मागे व्हा, मागे' म्हणत बचावाच्या पोरांकडे चालत गेलो. चेंडूकडे माझी पाठ होती, आणि शिट्टीकडे बोट दाखवायचं राहून गेलं. मागून धप्प आवाज आला, चेंडू जाळ्यात. मी गोल दिला. कीपर जवळ येऊन एवढंच म्हणाला, "सर, तुम्ही आमच्याशीच बोलत होतात ना?" खूण केली नव्हती, म्हणून माझ्याकडे पळवाट होती. पण त्यांना बोलण्यात गुंतवलं होतं ते मीच. मी त्यांना मागे न्यायला घेतलं, त्याच क्षणी ती किक शिट्टीवर गेली होती. तो गोल मी द्यायला नको होता.

हा निष्कर्ष मी मनाने काढलेला नाही. कार्डाच्या नियमात हेच तत्त्व शब्दांत लिहिलं आहे, म्हणून तिकडे वळतो.

'कार्ड बाकी असेल तर किक घेताच येत नाही.' पूर्वी हे खरं होतं. २०१९ पासून नाही. रेफरीने कार्ड दाखवायचं मनाशी ठरवलं असलं, तरी ज्यांच्यावर फाऊल झाला त्यांनी जलद किक घेतली, गोलची स्पष्ट संधी तयार झाली, आणि रेफरीने कार्डाची कारवाई सुरू केलेली नसली, तर खेळ चालू द्यायचा. कार्ड पुढच्या थांब्याला. त्यातही एक बारकावा आहे. मूळ फाऊलने गोलची उघड संधी हिरावली असेल, तर लालऐवजी पिवळं दाखवतात, कारण संधी अखेर मिळाली. फाऊलने फक्त आश्वासक चढाई रोखली असेल, तर त्यासाठी कार्डच नाही. आणि कारवाई सुरू झालेली असेल तर? तर जलद किक नाही. हा बदल आणताना कारणही सांगितलं गेलं: रेफरीच्या कारवाईने फाऊल करणाऱ्या संघाचं लक्ष विचलित झालं असेल, तर त्याचा फायदा समोरच्यांना देता येत नाही. त्या कीपरने मला विचारलं होतं ते दुसरं काय होतं?

म्हणजे प्रत्येक वादग्रस्त गोलबद्दल विचारायचा प्रश्न एकच: किक मारली गेली तेव्हा ती रेफरीने आपल्या हातात घेतली होती की नव्हती? टीव्हीचा कॅमेरा नेमका तेव्हा पडलेल्या खेळाडूचा चेहरा दाखवत असतो, त्यामुळे घरी बसून याचं उत्तर बरेचदा मिळत नाही. पण 'भिंत तयार नव्हती' हे त्याचं उत्तर कधीच नसतं.

'तिन्ही गोल चोरीचे, जलद किक बंद करा.' बंद करून बघू. प्रत्येक फ्री किकला शिट्टी सक्तीची. मग प्रतिहल्ला रोखायचा सर्वात स्वस्त उपाय कोणता? मध्यावर शर्ट ओढायचा आणि सगळ्यांनी सावकाश मागे यायचं. आजही हे चालतंच, पण जलद किकची थोडी तरी धास्ती असते. ती गेली की फाऊल करणं हा निव्वळ नफ्याचा धंदा होईल.

राहिले ते दोन सामने. २० फेब्रुवारी २००७, चॅम्पियन्स लीग, लील या फ्रेंच क्लबने यजमान म्हणून लान्सच्या मैदानावर खेळलेला सामना. ८३व्या मिनिटाला मँचेस्टर युनायटेडच्या रायन गिग्जने भिंत लागत असतानाच चेंडू आत घातला, रेफरी एरिक ब्रामहार यांनी गोल दिला, आणि लीलचे खेळाडू मैदान सोडायच्या तयारीने कडेच्या रेषेकडे निघाले. मग परतले. सामना ०-१ असा संपला, आणि लीलची तक्रार युएफाने (युरोपीय फुटबॉल संघटनेने) फेटाळली. ३ मार्च २०२३, बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना, जादा वेळेत ९६वं मिनिट. केरळा ब्लास्टर्सची भिंत लागण्याआधी बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने फ्री किक मारली आणि रेफरी क्रिस्टल जॉन यांनी गोल धरला. छेत्रीने नंतर सांगितलं की शिट्टी आणि भिंत दोन्ही नकोत असं त्याने रेफरीला आधीच सांगितलं होतं, आणि जवळ उभ्या केरळाच्या ॲड्रियन लुनाने ते ऐकलंही होतं, म्हणून तर त्याने पहिला प्रयत्न अडवला. केरळाचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ बाहेर काढला. निषेध फेटाळला गेला, क्लबला ४ कोटी रुपये दंड झाला आणि प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी आली.

केरळाची बाजू धरणाऱ्यांचं म्हणणं की रेफरीने आधी खेळाडूंना हटवायला सुरुवात केली होती. हा प्रश्न योग्य आहे, आणि त्यावर प्रामाणिक माणसं दोन्ही बाजूंनी भांडू शकतात. पण फिरणाऱ्या मजकुरात तो नसतोच, तिथे नुसती 'भिंत, भिंत' असते. आणि गोल झाला तेव्हा लीलच्या हातात बरोबरी साधायला सातेक मिनिटं होती, केरळाच्या हातात तब्बल चोवीस.