साखरझोपेतले श्वास : बाबांनी मशीन काढून ठेवली म्हणणाऱ्या ताईंना

ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण त्यातलं एक वाक्य मला लागलं आणि ते लागायलाच हवं होतं. स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या आजाराच्या, उपचारात पहाटे श्वास का अडतात यावरचा माझा लेख तुमच्या बाबांनी वाचला आणि ‘मशीन लावूनही पहाटे श्वास अडतोच, तर ती सोंड कशाला लावायची’ असं म्हणून सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन) कपाटावर ठेवून दिलं. तुमचे आक्षेप तीन आहेत. बाबांचा एएचआय (तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो तो आकडा) ३.४ आहे, डॉक्टर समाधानी आहेत, मग मी नसते फाटे का फोडते? मी डॉक्टर नसताना लोकांना मशीनचे आलेख वाचायला का लावते? आणि पहाटे चारला उठून प्राणायाम करणाऱ्या माणसाच्या मनात पहाटेच्या चार ते सहा या दोन तासांची भीती का घालते?

आधी माझ्या चुका. ‘मशीन सोडू नका’ हे वाक्य माझ्या लेखात सातव्या परिच्छेदात आलं होतं. ते पहिल्या ओळीत हवं होतं. दुसरं, ‘किमान दाब ५ वरून ८ केला आणि पहाट शांत झाली’ असं मी लिहिलं, पण तो बदल माझ्या डॉक्टरांनी मशीनमधलं रात्रीच्या नोंदींचं कार्ड तपासून केला होता, हे लिहायचं राहिलं. वाचणाऱ्याला वाटणार, बाईंनी घरीच बटणं फिरवली. दोन्ही दुरुस्त्या आज लेखात केल्या आहेत.

आता ३.४. हा आकडा चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. उपचारात तो ५ च्या खाली असावा असं धरतात आणि बाबांचा आहे. पण ती रात्रभराची सरासरी आहे, हे विसरू नका. समजा, बाबा सात तास झोपले आणि चोवीस वेळा श्वास दहा सेकंद किंवा अधिक थांबला अथवा उथळ झाला. सरासरी आली ३.४. त्या चोवीसपैकी अठरा वेळा साडेचार ते सहाच्या दरम्यान असतील, तर बाकी रात्र तासाला जेमतेम एक आणि पहाटेचा दीड तास तासाला बारा. पडद्यावरचा आकडा तोच राहतो. माझं नेमकं हेच झालं होतं. आकडा चारच्या आत, आणि सकाळी उठल्यावर डोकं जड, चहा होईपर्यंत कुणाशी बोलावंसं वाटत नसे. माझे यजमान म्हणायचे, रात्री तू शांत झोपतेस, पण दूधवाला यायच्या सुमारास पुन्हा धडपडतेस. त्यांचं निरीक्षण आकड्यापेक्षा खरं निघालं.

पहाटेच असं का होतं? आपण जिला साखरझोप म्हणतो, तीच स्वप्नांची झोप. झोपेचं चक्र साधारण नव्वद मिनिटांचं असतं. पहिल्या चक्रात स्वप्नझोप जेमतेम पाच-दहा मिनिटं, आणि शेवटच्या चक्रांत ती लांबत जाते. या झोपेत श्वासपटल आणि डोळ्यांचे स्नायू सोडले तर बहुतेक स्नायू मेंदू ढिले सोडून देतो, म्हणजे स्वप्नात धावलो तरी पलंगावरून उठून धावत नाही. जीभ आणि घशाचे स्नायूही त्यात आलेच. शिवाय रक्तातला ऑक्सिजन घटला किंवा कार्बन डायऑक्साइड वाढला की एरवी मेंदू जसा चटकन जोर लावतो, तसा या झोपेत लावत नाही. म्हणून इथले अडथळे लांबतात आणि ऑक्सिजनही जास्त उतरतो. बायकांमध्ये ॲप्निया बऱ्याचदा मुख्यतः याच झोपेत दिसतो. पाळी गेल्यावर माझं घोरणं वाढलं, पण ‘बाईमाणूस, थकली असेल’ म्हणून वर्षानुवर्षं कुणी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं नाही. हा विषय मी धरून बसते त्यामागे तेही आहे.

सीपॅप घसा बरा करत नाही, हवेचा आधार देऊन उघडा ठेवतं. १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन पहिल्या रुग्णांवर हेच दाखवलं. आधार लागतो तेवढा मिळाला पाहिजे, आणि पहाटे तो जास्त लागतो. त्यात माणूस उताणा झाला की आणखी जास्त. आपोआप दाब बदलणारी मशीन अडथळे दिसू लागले की दाब चढवते. किमान दाब फार खाली ठेवला असेल तर ती वर पोचेपर्यंत पाच-सहा श्वास अडून गेलेले असतात. म्हणजे ताई, मशीन निकामी नव्हती, तिला धाव घ्यायला उशीर होत होता. बाबांनी माझ्या लेखातून उलटा अर्थ काढला, आणि तो काढायला मी जागा ठेवली.

आलेखांबद्दल तुमचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. आलेखातली पहाटेची प्रत्येक रेघ म्हणजे घसा मिटून अडलेला श्वास नव्हे. माणूस झोपलाय की जागा पडून छताकडे बघतोय, हे मशीनला कळत नाही. जागेपणी कूस बदलताना, आवंढा गिळताना आपण क्षणभर श्वास धरतो आणि तेही मोजलं जातं. शिवाय श्वास खरोखर थांबण्याचा एक वेगळा प्रकार असतो : त्यात घसा उघडाच असतो, मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम येत नाही. अशा वेळी दाब वाढवला तर त्रास कमी होण्याऐवजी वाढू शकतो. ही पारख डॉक्टरांची, आणि म्हणूनच दाबाला घरी हात लावू नये. पण आलेख बघून ‘पहाटे गर्दी दिसते, हे काय आहे’ एवढं विचारण्यात काय वावगं? साखर तपासून वहीत लिहून नेणाऱ्या पेशंटला आपण आगाऊ म्हणत नाही.

आणि आता तुमच्या प्रतिक्रियेतली ती ओळ, जी तुम्ही सहज लिहून पुढे गेलात : ‘बाबा तसेही चारला लघवीला उठतात तेव्हा मास्क काढतात, ते परत लावतच नाहीत, पण प्राणायामाला बसेपर्यंत पडून राहतात.’ पडून राहतात म्हणजे झोपतात ना? मग त्यांच्या रात्रीतला सर्वांत नाजूक तुकडा विनामशीन जातो आणि तो त्या ३.४ मध्ये मोजलाच जात नाही. मशीन चालू असेल तेवढेच तास ती मोजते. विस्कॉन्सिनमधल्या झोपेच्या दीर्घ पाहणीवर आधारलेल्या २०१४ सालच्या एका लेखात हिशेब मांडला होता : मशीन फक्त पहिले चार तास लावलं तर स्वप्नझोपेचा साधारण ६० टक्के भाग उपचाराविना राहतो. तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात जास्त काळजी या ओळीची वाटली.

रात्री वारंवार लघवीला उठणं हेही अनेकदा ॲप्नियाचंच लक्षण असतं. श्वास कोंडला की हृदयावर ताण येतो, त्यातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. उपचार नीट लागला की बऱ्याच जणांच्या फेऱ्या कमी होतात.

प्राणायामाला माझा विरोध नाही, मी स्वतः करते. ब्राह्ममुहूर्तावर उठून खरोखर जागं राहणाऱ्याने नऊला झोपावं, एवढंच. पण दिवसभर केलेला कुठलाही व्यायाम मेंदूने पहाटे ढिले सोडलेले स्नायू सावरून धरेल, या भरवशावर मशीन बंद करू नये.

बाबांसाठी मला सुचतं ते असं. बहुतेक मास्कची नळी पुढच्या खटक्यातून सुटते. मास्क चेहऱ्यावरच राहू द्यायचा, नळी काढून जाऊन यायचं, परत खटकन जोडायची. आमच्या नाशिकच्या थंडीत पहाटे नळीत पाणी साचून गुडगुड होते आणि त्यानेही माणूस वैतागून मास्क फेकतो. नळीला कापडी गवसणी घातली आणि मशीन हवेत मिसळते तो ओलावा थोडा कमी केला की थांबतं. पट्टे रात्रीतून सैल होतात, तोंड उघडं पडून हवा गळते, तेही बघा. पंधरा दिवसांनी कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जाल तेव्हा सरासरी बाजूला ठेवा आणि चार ते सहाचा तुकडा त्यांच्यासमोर उघडा.

मास्क इतके दिवस कपाटावर असेल तर आज संध्याकाळी त्याची सिलिकॉनची कड कोमट पाण्याने, साध्या सौम्य साबणाने धुऊन वाळवा. पडून राहिलेली कड तेलकट होते, पहिल्याच रात्री हवा गळते आणि बाबांना मशीन नको म्हणायला निमित्त मिळतं.