पारी संपते, सारण उरतं

रविवारी सकाळी साडेदहाला मी घरात जाहीर केलं की आज रॅव्हिओली, म्हणजे सारण भरलेला इटालियन पास्ता, घरी, हाताने, आत कोळंबी आणि पालक. बायकोने पेपरमधून मान वर न काढता विचारलं, "जेवण किती वाजता?" मी म्हटलं एक वाजता. हा एक आकडा सोडला तर त्या दिवशी मी जे काही बोललो ते सगळं खरं होतं.

१०० ग्रॅम मैद्याला एक अंडं. प्रमाण इतकं सोपं आहे की माणूस बेसावध होतो. ओट्यावर मैद्याची रास करायची, मधे खड्डा, खड्ड्यात अंडी, आणि काट्याने कडेचं पीठ हळूहळू आत ओढायचं. व्हिडिओतल्या आजीबाई हे गप्पा मारता मारता करतात. माझा बांध तिसऱ्या मिनिटाला एका बाजूने फुटला आणि तीन अंडी ओट्याच्या कडेकडे निघाली, मी एका हाताने अंडी अडवतोय, दुसऱ्याने मैदा लोटतोय आणि नेमका तेव्हाच फोन वाजतोय. (घरात तीन पराती आहेत. पण परातीत केलं तर ती मजा नाही, असं मीच सकाळी म्हणालो होतो.)

मग दहा मिनिटं मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं, कारण मळून मळून त्यातलं ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रोटीन, ताठरलेलं असतं, लगेच लाटायला घेतलं तर पारी रबरासारखी जागच्या जागी परत येते. म्हणजे पिठाला विश्रांती. मला कोळंबी.

कोळंबी सोलायची, पाठीवर चीर द्यायची, काळा दोरा काढायचा. अर्धा किलो. पंधरावीनंतर मी मोजणं सोडलं. पॅनमधे मिनिटभर टाकली आणि राखाडीची गुलाबी झाली. हा रंग आधीपासून तिच्यातच असतो म्हणे, प्रोटीनने दाबून ठेवलेला, गरम झालं की सुटतो. इथेच थांबायचं असतं, कारण ती नंतर पाण्यात परत शिजणारच असते. मी थांबलो. मुद्दाम सांगतोय, कारण दिवसभरात बरोबर झालेली ही एकच गोष्ट.

आता पालक. एवढा मोठा गठ्ठा उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच बर्फाच्या पाण्यात म्हणजे हिरवा राहतो, आणि मग पिळायचा. मी पिळला. बायको म्हणाली अजून पिळ. फडक्यात बांधून पिळला, पाणी आलं. मुलीने पिळला, पाणी आलं. गठ्ठ्याचा लिंबाएवढा गोळा झाला तरी मुठीत दाबला की एक थेंब हजर. हा थेंबच सगळ्याचं मूळ. सारण ओलं राहिलं की पारी खालून ते पिते, चिकट होते आणि उचलायला गेलं की सारण ताटातच राहतं, हातात फक्त टोपी येते.

इटलीत, बोलोन्यात, १९७४ साली तोर्तेलिनीचं (रॅव्हिओलीचं छोटं, वळलेलं भावंड) सारण चेंबर ऑफ कॉमर्समधे रीतसर नोंदवून ठेवलंय, डुकराचं मांस, चीज, जायफळ वगैरे. कोळंबी आणि पालक त्यात नाही. त्यामुळे मला कोणी जाब विचारायचा प्रश्न नव्हता, हाच काय तो दिलासा.

मशीन नाही, लाटणं आहे. पारीखाली धरलेला हात दिसला पाहिजे म्हणतात. माझ्या पारीतून मधे हात दिसत होता आणि कडेला काहीच नाही. चमचा चमचा सारण ठेवलं, वरून दुसरी पारी, आणि मग ती हवा. सारणाभोवती बोट फिरवून हवा बाहेर काढायची, नाहीतर पाण्यात ती फुगते आणि फाडून बाहेर येते. मुलगी निरीक्षक होती. "बाबा, याच्या पोटात गॅस आहे." परत उघडा, परत दाबा. कातणीने कापल्यावर सगळे मिळून ३६ झाले, मी ते ताटात मांडून चार बाजूंनी फोटो काढत बसलो आणि खाली रवा भुरभुरायचा राहिला.

पाच ताटालाच चिकटून फाटले. उरलेले ३१ खळखळ उकळत्या पाण्यात टाकले, तिथेही पाणी नुसतं हलतं असायला हवं होतं. नऊ फुटले. गुलाबी तुकडे आणि हिरवे धागे पातेलंभर फिरत होते, छान दिसत होते खरं तर. बाकीचे तीनचार मिनिटांत वर आले, झाऱ्याने काढले, लोणी घातलं. पावणेपाच वाजले होते.

तिघांत बावीस. सात-सात आणि एक. त्या एकाकडे कोणीच बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते. चव? उत्तम. पारी जरा जाड होती हे बायकोने सांगितलं, पण आठवा घेताना सांगितलं.

वाटीभर सारण उरलं. टाकवेना, म्हणून संध्याकाळी आणखी २०० ग्रॅम मैदा आणि दोन अंडी मळली, परातीत. मग सारण संपलं आणि पारी उरली. साडेनऊ वाजले होते, म्हटलं फ्रिजमधे आठदहा कोळंब्या आहेत, मूठभर पालक आहे, किती वेळ लागतो. वळलो तर फ्रिजच्या दाराला पाठ टेकून बायको उभी होती.