लाव्याची अंडी, चाळीस वॅटचा बल्ब आणि बाराच्या बारा पिल्ले

गेले काही महिने व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरत असून मला तो आतापर्यंत पाच निरनिराळ्या व्यक्तींकडून आला आहे. त्यातला दावा थोडक्यात असा : बाजारातून बटेराची, म्हणजे लाव्याची, डझनभर अंडी आणावीत, थर्मोकोलच्या खोक्यात चाळीस वॅटचा बल्ब लावून शेजारी वाटीभर पाणी ठेवावे, तापमापक नसला तरी चालतो, हाताला कोमट लागले म्हणजे पुरे, दिवसातून एकदा अंडी हलवावीत, अठराव्या दिवशी खोके उघडून अडकलेली पिल्ले कवच सोलून बाहेर काढावीत, बाराच्या बारा पिल्ले मिळतात आणि महिन्याभरात घरची अंडी सुरू होतात. घरी लाव्याची पिल्ले निघू शकतात याबद्दल वाद नाही. मी स्वतः ती काढली आहेत. मात्र अठरा हा आकडा सोडला तर या संदेशातली जवळजवळ प्रत्येक सूचना कुठे ना कुठे चुकते.

आधी बाजारातल्या अंड्यांविषयी. आपल्याकडे विकला जातो तो पाळीव जपानी लावा असून तो १९७४ साली अमेरिकेतून बरेलीजवळच्या इज्जतनगर येथे आणला गेला. त्याची मादी नराशिवायही नियमित अंडी घालते, आणि खाण्याच्या अंड्यांसाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या माद्यांबरोबर नर ठेवण्याचे मालकाला काही कारण नसते. अशी अंडी अठरा दिवस काय, अठरा आठवडे उबेत ठेवली तरी त्यांतून काही निघणार नाही. काही ठिकाणी नर-माद्या एकत्र असतात, त्यामुळे दुकानातल्या अंड्यातून क्वचित पिल्लू निघतेही, आणि अशाच एखाद्या योगायोगावर हा संदेश उभा राहिला असावा. खात्री करायची असेल तर त्याच ट्रेमधली दोन अंडी बशीत फोडावीत. बलकावर नुसता बारीक, घट्ट पांढरा ठिपका दिसला तर अंडे निर्जीव समजावे. फिकट मध्याभोवती कडे असलेला, जरा पसरट ठिपका दिसला तर ते फलित आहे. उबवायची अंडी नर-माद्या एकत्र पाळणाऱ्याकडूनच घ्यावीत, ती सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत आणि तोपर्यंत १५ अंशांच्या आसपास, निमुळते टोक खाली करून ठेवलेली असावीत. शेतात सापडलेली रानलाव्यांची अंडी उचलणे हा मात्र पर्यायच नव्हे, कारण रानलाव्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याचे संरक्षण आहे.

‘हाताला कोमट लागले म्हणजे पुरे’ ही सूचना सर्वांत घातक आहे. आतली हवा पंख्याने खेळती ठेवली असेल तर लाव्याच्या अंड्याला ३७.५ अंश सेल्सियस लागतात. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.३ अंशांच्या आसपास असावे लागतात. घरातल्या ताप मोजायच्या तापमापकावर ३७.५ म्हणजे ९९.५, ज्याला आपल्याकडे ‘जरा कणकण आहे’ म्हणतात. कपाळाला हात लावून आईलाही ९९.५ आणि १०२ यांतला फरक नेमका सांगता येत नाही आणि ती तापमापक मागवते. इथे तर तो फरक म्हणजे पिल्लू आणि कुजलेले अंडे यांतला फरक आहे. ऑनलाइन मिळणारे स्वस्त डिजिटल मापकही एक-दोन अंशांनी चुकतात. मी असा मापक आणि ताप मोजायचा तापमापक एकाच भांड्यातल्या कोमट पाण्यात टोके शेजारी धरून पडताळून घेतो, आणि जो फरक येतो तो खोक्याच्या झाकणावर पेनाने लिहून ठेवतो. बल्ब सतत चालू ठेवून भागत नाही, कारण रात्रीच्या गारव्यात जे खोके बरोबर तापते तेच दुपारी भट्टी होते. ठरलेल्या अंशावर बल्ब बंद-चालू करणारा छोटा थर्मोस्टॅट आणि जुन्या संगणकातला पंखा हे दोन भाग खोक्यापेक्षाही महत्त्वाचे आहेत. बल्बही जुन्या तारेचाच हवा, कारण एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. आणि हा तारेचा बल्ब थर्मोकोलला टेकला तर थर्मोकोल वितळून पेट घेऊ शकतो, याचा संदेशात उल्लेखही नाही.

वीज गेली तर काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. एका पावसाळ्यात अकराव्या दिवशी आमच्याकडे अडीच तास वीज नव्हती. मी झाकण न उघडता खोक्यावर गोधडी टाकली, आणि पिल्ले एक दिवस उशिरा का होईना, पण निघाली. थोडा वेळ गारठा अंड्यातला जीव सोसतो. जादा उष्णता सोसत नाही.

वाटीभर पाण्याचे प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे आहे. पहिले चौदा दिवस खोक्यातली आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन-चार दिवस ६५ ते ७५ टक्के असावी लागते. आता हिशेब पाहा : पावसाळ्यातल्या रत्नागिरीची २७ अंश तापमानाची आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा ३७.५ अंशांवर तापवली की तिची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे तिथे सुरुवातीला वाटी ठेवायचीच नाही. उलट डिसेंबरातल्या पुण्याची २० अंश आणि ५० टक्क्यांची हवा तापवल्यावर जेमतेम १८ टक्क्यांवर उतरते, तिथे एक वाटी कुठे पुरणार? पाण्याची खोली नव्हे तर पृष्ठभाग मोजायचा असतो, म्हणून वाटीऐवजी पसरट ताटली आणि तीत कापडाची पट्टी ठेवणे बरे. आर्द्रता फार असेल तर अंड्यातले पाणी पुरेसे उडत नाही, बोथट टोकाकडची हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरते. फार कमी असेल तर आतला पडदा चिवट होऊन पिल्लाला चिकटतो.

दिवसातून एकदा अंडी हलवणेही अपुरे आहे. न हलवलेल्या अंड्यात बलक वर तरंगतो आणि त्यावरचा गर्भ पडद्याला चिकटतो. किमान तीन वेळा, जमल्यास पाच वेळा, अंडी पलटवावीत. संख्या विषम ठेवायची ती यासाठी की रात्रीची लांब पाळी रोज त्याच बाजूवर येऊ नये. एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल अशी पेन्सिलची खूण करतात, पण लाव्याच्या कवचावर मुळातच तपकिरी शिंतोडे असल्यामुळे फिकट जागा शोधून खूण करावी लागते. चौदाव्या दिवसानंतर मात्र पलटवणे थांबवून अंडी खरबरीत कापडावर ठेवावीत.

अठराव्या दिवशी ‘मदत’ करण्याच्या सल्ल्याबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे, कारण तो मी एकदा पाळला होता. पिल्लू प्रथम आतल्या आत हवेच्या पोकळीत चोच खुपसून श्वास घेऊ लागते, मग कवचावर चांदणीसारखी तडा पाडते आणि त्यानंतर कित्येक तास स्वस्थ पडून राहते. आपल्याला ते अडकल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या वेळात पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांतले रक्त त्याच्या अंगात परतत असते आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. मी चिमट्याने कवच उचलले तेव्हा पडद्यावर रक्ताची बारीक रेघ उमटली, पिल्लाच्या पोटाखाली बलकाची पिवळी पिशवी तशीच लोंबत होती, आणि संध्याकाळपर्यंत ते मेले. शिवाय झाकण उघडताच आतली दमट हवा निघून जाते आणि बाकीच्यांचे पडदे सुकू लागतात. लाव्याची पिल्ले फुटण्याआधी अंड्यातून टिकटिक आवाज करतात, आणि शेजारची अंडी तो ऐकून आपली गती जुळवून घेतात, हे मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी दाखवले आहे. म्हणजे त्यांना लागणारी मदत त्यांच्या त्यांच्यात चालू असते. विसाव्या दिवसापर्यंत थांबावे. निघालेले पिल्लू पोटातल्या बलकावर एक दिवस सहज काढते.

राहिला बाराच्या बारा पिल्लांचा प्रश्न. ताजी, फलित अंडी आणि नीट चाललेले यंत्र असतानाही दहातून सात-आठ पिल्ले निघाली तर ती चांगली मानतात. घरगुती खोक्यात पहिल्याच खेपेला बारातून सहा-सात आली तरी समाधान मानावे. ही पिल्ले जेमतेम सहा ते आठ ग्रॅमची असतात, पाण्याच्या उथळ बशीतही बुडतात, म्हणून बशीत गोट्या टाकाव्या लागतात. गुळगुळीत वर्तमानपत्रावर त्यांचे पाय फाकतात, म्हणून खाली गोणपाट लागते. आणि पहिला आठवडा त्यांना ३५ ते ३७ अंशांची ऊब लागते. अंडी महिन्याभरात नव्हे, सहा-सात आठवड्यांनी सुरू होतात, आणि तीही फक्त माद्यांची. तिसऱ्या आठवड्यात छातीची पिसे पाहून नर ओळखू येतात : नराची छाती विटकरी, मादीची ठिपकेदार. सात पिल्लांत तीन-चार नर निघणे स्वाभाविक आहे, तीन माद्यांना एकच नर पुरतो, आणि उरलेले नर आपसात टाळकी फोडतात व पहाटे ओरडून सोसायटीला जागे करतात.